ताईंचा आवाज कुठे गेला

नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले, ते बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी. आमचं गाव घोडेगावच्या शेजारी, अस्सल शेतकऱ्यांचं. घरात फोन असणं लांबच राहिलं, आमच्या घरातून फोन कानाला लावणारी मीच पहिली. आई गावात सांगत फिरायची, "आमची पोरगी तारंतून बोलती." वडील तिला दुरुस्त करायचे, "बोलती न्हाई गं, दुसऱ्यांचं बोलनं जोडून देती."

राहायला मला जागा मिळाली ती ताईंच्या घरी. ताई माझ्याच एक्स्चेंजमधल्या सीनियर ऑपरेटर, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. मिशन कंपाउंडच्या मागे त्यांचं कौलारू घर होतं. त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. आई मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी दोघी चर्चला जायच्या आणि तिथे ताई गायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. गाण्यातला तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा कळलं, की कामावर ताई जो आवाज वापरतात तो त्यांचा सगळा आवाज नाही. त्यातला एक पातळ काप आहे.

आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एका लांब खोलीत भिंतीला लागून बोर्ड होते. बोर्डावर भोकंच भोकं, कॉल आला की पेटणारे बारके दिवे आणि आमच्यासमोर दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या कॉर्डी. कुणी पुण्याला किंवा मुंबईला बोलायचं म्हटलं, की आम्ही तो ट्रंक कॉल बुक करायचा, लाईन मोकळी झाली की जोडायचा, वेळ संपली की सांगायचं. ऐकायला सोपं आहे. पण बोलायचं काय, हेसुद्धा ठरलेलं होतं. "नंबर प्लीज." "होल्ड ऑन." "लाईन व्यस्त आहे." "तीन मिनिटं झाली." यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. पलीकडच्याने शिवी दिली तरी उत्तर द्यायचं नाही आणि लाईनही तोडायची नाही. सुपरवायझर मॅडम खोलीच्या टोकाला टेबलापाशी बसायच्या. त्यांना वाटेल तेव्हा आमच्यापैकी कुणाचंही बोलणं त्या ऐकू शकायच्या, आणि आत्ता कुणाचं ऐकताहेत हे आम्हाला कळायचं नाही.

यातला सगळ्यात विचित्र नियम मला पहिल्याच आठवड्यात खटकला. दोन माणसांचं बोलणं ऐकायचं नाही, तशी शपथ घ्यावी लागायची. पण बोलणं नीट चाललंय की नाही हे पाहायला अधूनमधून लाईनवर जावंच लागायचं. मी ताईंना विचारलं, "ताई, ऐकायचं नाही, पण ऐकू येतंय का ते बघायचं. हे जमवायचं कसं?"

ताई हसल्या. म्हणाल्या, "आवाज ऐकायचा, शब्द ऐकायचे नाहीत. होईल सवय."

मला ती सवय कधीच झाली नाही. एखादी बाई रडत असली तर रडतेय हे कळायचंच. ताईंना मात्र ती साधली होती असं सगळे म्हणत. नगरचे व्यापारी, वकील, कारखान्यातली माणसं त्यांचा आवाज ओळखायची. नवीन आलेल्या मुलींना मॅडम त्यांच्याच शेजारी बसवायच्या.

दुष्काळाच्या वर्षी त्या खोलीत जे चाललं त्याचं वर्णन करणं अवघड आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून माणसं फोनवर येत होती. पाण्याचे टँकर, चारा, खडी फोडायच्या कामाचा हुकूम, आजारी माणूस. सरकारी कॉल आधी लावायचे, मग अर्जंट, मग साधे. साधा कॉल बुक केलेला माणूस पोस्टात सकाळपासून बसलेला असायचा. कुणाचं काम खरोखर अडलंय हे आम्हाला आवाजावरून कळायचं, पण आवाजावरून नंबर पुढे घेता यायचा नाही. एकदा काष्टीच्या पोस्टातून एक जण मुंबईला पंपाचा भाग मागवायला धडपडत होता. दिवसभरात त्याने कितीतरी वेळा विचारलं आणि प्रत्येक वेळी ताईंनी त्याच गोड, सपाट आवाजात सांगितलं, "लाईन व्यस्त आहे." शेवटी तो ओरडला. मी शेजारीच होते, मला त्यांच्या हेडसेटमधून ऐकू आलं. "बाई, तुमी मानूस हाय का यंत्र हाय?"

ताई म्हणाल्या, "होल्ड ऑन प्लीज."

संध्याकाळी त्याचा कॉल लागला. घरी जाताना ताई काहीच बोलल्या नाहीत, पण तशा त्या ड्युटीनंतर कधीच फारसं बोलत नसत. त्या वर्षात आमच्यातल्या दोघी आजारी पडल्या, एकीने नोकरी सोडली, मी स्वतः न्हाणीघरात जाऊन रडून यायची. ताईंनी एकही दिवस रजा घेतली नाही.

म्हणूनच पुढे जे झालं त्याचं मला एवढं कुतूहल वाटलं. ते दुष्काळात झालं नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, फोन कमी झाले, आम्हाला चहा गरम असताना प्यायला मिळू लागला, आणि तेव्हा झालं. श्रावणातली सकाळ होती. बोर्डावर एकदोनच दिवे लागलेले. ताईंनी कॉर्ड लावली, कळ दाबली, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. ओठ मात्र बरोबर हलले. त्यांनी परत प्रयत्न केला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं घाबरल्या असतील, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. एखाद्याने खिशात हात घालावा आणि किल्ली नसावी, तसा चेहरा होता.

मी त्यांची कॉर्ड घेतली आणि म्हटलं, "नंबर प्लीज."

मॅडम उठून आल्या. "काय झालं?" ताईंनी गळ्याला हात लावून दाखवलं. मॅडमनी पाणी मागवलं. पाणी प्यायलं तरी नुसती हवा येत होती, कुजबुजीइतकीसुद्धा धड नाही.

दोन दिवसांत प्रत्येकाने आपापलं कारण ठरवलं. चहा आणणारी बाई म्हणाली दृष्ट लागली. एक ऑपरेटर म्हणाली सर्दी उतरलीय. दुसरी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नाटक असेल. रजा मागायची लाज वाटत असेल." ताईंच्या आईंनी मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, सगळं केलं. शेवटी आम्ही मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी घशात आरसा धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आता खोका."

ताई खोकल्या. खोकला चांगला खणखणीत आला.

मी म्हटलं, "अहो, हा आवाजच आहे की!"

"तेच तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वरयंत्र ठणठणीत आहे. खोकताना आवाज येतो, बोलताना येत नाही. मी असं आधी पाहिलंय, पण मला त्याचं पूर्ण उत्तर माहीत नाही. त्यांना त्या कामापासून लांब ठेवा. आणि कुणी बोल बोल म्हणून मागे लागू नका."

मग सर्टिफिकेटचा प्रश्न आला. रजेसाठी आजाराचं नाव हवं. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. "खरं नाव लिहिलं तर तुमच्या ऑफिसात लोक वेड म्हणतील," त्या म्हणाल्या. "न लिहिलं तर ऑफिस रजा देणार नाही." अखेर त्यांनी लिहिलं, कंठाचा थकवा. मॅडमनी तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता सही केली. मॅडम कडक म्हणून आम्ही सगळ्या त्यांना घाबरायचो. त्या सहीचं मला नवल वाटलं.

त्या दिवसांत मी घरी ताईंना नुसती बघत बसायची. त्या भाजी निवडायच्या, कपडे वाळत घालायच्या, झोपायच्या. झोप मात्र फार. मी स्वतःवर प्रयोगही केला. ड्युटीवर "नंबर प्लीज" म्हणताना आपला आवाज नक्की कुठून येतो ते शोधायचा प्रयत्न करायची. नाकातून येत होता. घरी आईशी बोलताना तो पोटातून यायचा. असा आवाज मी कधी बदलला हे मला आठवेना. सुट्टीत गावी गेले तेव्हा आई म्हणालीच होती, "तू अशी का बोलतीस गं, पाव्हण्यावानी?"

पोळ्याच्या आधी वडिलांचा निरोप आला. बैल घ्यायचाय, ये. दुष्काळात आमच्या जोडीतला एक बैल गेला होता. मी ताईंना म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तिथे तुम्हाला कुणी फोन करणार नाही." त्यांच्या आईंनीच त्यांची पिशवी भरली.

एसटीतून उतरून घरी पोचलो. माझ्या आईला मी सांगितलं, की यांचा आवाज बसलाय, बोलायला लावू नकोस. आईला ते फारच सोयीचं झालं. तिला आयुष्यात पहिल्यांदा असं माणूस मिळालं जे मध्येच बोलत नव्हतं. दुष्काळात कोण खडी फोडायला गेलं, कुणाच्या विहिरीला पाणी टिकलं, कुणाची सून माहेराहून आलीच नाही, सगळं तिने ताईंना सांगितलं. ताई चुलीपुढे बसून ऐकत होत्या. मी बघितलं, त्या शब्द ऐकत होत्या. मध्येच भुवया वर जायच्या, मध्येच मान हलायची. बोर्डावर त्यांचा चेहरा असा हललेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार. वडील, मी आणि ताई पायीच गेलो. पाऊस झालेला, त्यामुळे त्या वर्षी बाजाराला वेगळंच तेज होतं. मागच्या वर्षी लोकांनी जनावरं सोडून दिली होती, यंदा लोक परत घ्यायला आले होते. घुंगरमाळा, गोंडे, झुली, शिंगांना लावायचे रंग, सगळी दुकानं लागलेली. बैल, गाई, म्हशी रांगेने बांधलेल्या आणि मधून हेडी फिरत होते. हेडी म्हणजे जनावरांचे व्यापारी. त्यांच्याइतका बोलका माणूस जगात नाही, पण भाव ठरवायची वेळ आली की ते गप्प होतात. एकाने आपला हात पुढे करायचा, दुसऱ्याने त्यात हात द्यायचा, वरून उपरणं टाकायचं, आणि आत बोटं दाबून किंमत सांगायची. आजूबाजूच्यांना काही कळत नाही.

मी लहानपणापासून हे पाहत आले होते. ताईंनी कधीच पाहिलं नव्हतं. त्या जागीच खिळल्या. माझा दंड धरून त्यांनी नुसत्या नजरेने विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं. त्या एका जोडगोळीकडून दुसरीकडे जाऊन बघू लागल्या. दोन मोठे मिशाळ गडी एकमेकांचे हात कापडाखाली धरून उभे, एकाची नजर आभाळाकडे, दुसऱ्याची जमिनीकडे, दोघांच्याही चेहऱ्यावर काही नाही. मधूनच एखाद्याची मान झटकन नकारार्थी हलायची. ताईंना ते बघून बघून पुरेना.

वडिलांनी एक खिल्लारी बैल पसंत केला. दात पाहिले, खुर पाहिले, चालवून पाहिला. मग हेड्याच्या हातात हात दिला आणि आपलं उपरणं वर टाकलं. दोघेही थोरामोठ्यांच्या फोटोतल्यासारखे गंभीर उभे राहिले. बैल त्यांच्या मागेच होता. त्याने मान पुढे केली, उपरण्याचा काठ तोंडात धरला, आणि शांतपणे ओढून घेतला.

दोघांचे हात उघडे पडले. जत्रेत पोराचं बोट धरावं तशी वडिलांनी हेड्याची बोटं घट्ट धरली होती. भोवतीचे लोक वाकून बोटं मोजायला लागले. हेडी ओरडला, "आरं, सोड की उपरनं!" बैल निवांत उपरणं चघळत होता.

आणि माझ्या शेजारी कुणीतरी हसलं. मोठ्याने, खळखळून, चर्चमधल्या गाण्यासारखं पोटातून. मी वळून पाहिलं तर ताई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, "अगं बाई, त्यानं सगळंच फोडलं की!"

मी परत बैलाकडे बघू लागले. डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, मागे लागू नका. त्यांनाही आपण बोललो हे एक क्षण उशिरानेच कळलं. त्यांनी गळ्याला हात लावला. मग हळूच, जणू उंबऱ्यावरून पाय टाकावा तसं, त्या म्हणाल्या, "बैलाचं नाव काय ठेवणार?" आवाज जरा खरखरीत होता. परतीच्या वाटेवर त्या वडिलांशी बैलांबद्दलच बोलत राहिल्या. वडील आईला म्हणाले, "बाईंचा घसा मोकळा झाला. बैल शुभ हाय."

ही गोष्ट इथे संपली असती तर मीही वडिलांसारखंच म्हटलं असतं. पण आठवड्याने ताई कामावर हजर झाल्या. जेवणाच्या खोलीत सगळ्यांशी बोलल्या, बैलाची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं. मग बोर्डापाशी बसून हेडसेट चढवला, कळ दाबली, आणि परत तेच. नुसती हवा.

हेडसेट काढला की आवाज यायचा. चढवला की जायचा. नाटक म्हणणारी ऑपरेटरसुद्धा गप्प झाली, कारण असं नाटक कोण करील?

मॅडमनी आम्हा दोघींना टेबलापाशी बोलावलं. आता मेमो देतात की काय या भीतीने मी उभी होते. मॅडमनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मी घरी गेल्यावर जेवण होईपर्यंत कुणाशी बोलत नाही. किती वर्षं झाली माहीत नाही. आधी मुलांना वाटायचं आई रागावलीय. आता त्यांना सवय झाली." आणि ताईंकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला 'नंबर प्लीज'च म्हणता येत नाही, की काहीच म्हणता येत नाही?"

ताईंना माहीत नव्हतं. तसा विचारच त्यांनी केला नव्हता.

"मग बसा आणि तुम्हाला हवं ते म्हणा," मॅडम म्हणाल्या. "घरी कुणी दार वाजवलं तर काय म्हणता?"

ताई परत बसल्या. दिवा लागला. कळ दाबली. मी माझं काम सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "बोला. कुणाशी बोलायचंय?"

आवाज आला. पलीकडचा माणूस बहुधा गडबडला, कारण ताईंना परत विचारावं लागलं. त्यानंतर दीडएक महिना ताई अशाच बोलत होत्या. "बोला." "जरा वेळ लागेल हं." एकदा तर म्हणाल्या, "कळतंय मला, पण लाईन नाहीये." ते वाक्य उच्चारायला आम्हाला परवानगी नव्हती. मॅडम टोकाला बसून ऐकत असायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. आणि मला आणखी एक नवल दिसलं. ताईंच्या बोर्डावर शिव्या जवळजवळ बंद झाल्या.

मग पुण्याहून तपासणीसाठी साहेब आले. वाईट माणूस नव्हते. त्यांनी दिवसभर ऐकलं आणि जाताना शेरा मारला, की एका ऑपरेटरची भाषा नियमाप्रमाणे नाही. मॅडमनी उत्तर लिहिलं, की कॉल वेळेत लागतात आणि तक्रार एकही नाही. वरून परत आलं, की प्रश्न तक्रारीचा नाही, भाषा सगळीकडे एकच असली पाहिजे. मला त्यातही काही चूक दिसेना. नगरला एक बोलायचं आणि सोलापूरला दुसरं, असं कसं चालेल? मी आजही दोन्ही बाजूंनी विचार करते आणि मध्येच अडकते.

मॅडम आणखी झगडायला तयार होत्या. ताईंनीच नको म्हटलं. डिरेक्टरीच्या विभागात एक कारकुनाची जागा होती. नवीन नावं घालायची, बदललेले पत्ते दुरुस्त करायचे, खिडकीवर आलेल्या लोकांशी बोलायचं. ताईंनी ती मागून घेतली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासारखी ऑपरेटर मला परत मिळायची नाही."

ताई म्हणाल्या, "मॅडम, मला माणसं आवडतात. पण दोन माणसांच्या मध्ये बसून, आपण तिथे नाहीच असं दाखवायचं, ते आता नको."

खिडकीवर त्या खुशीत असायच्या. एक भुसार व्यापारी आपलं नाव चुकीचं छापलंय म्हणून भांडायला आला आणि ताई दोन वाक्यं बोलल्यावर थबकला. "तुमचा आवाज मी कुठंतरी ऐकलाय," म्हणाला. ताई म्हणाल्या, "ऐकला असेल. पण असा नाही." तो भांडण विसरून गेला.

आमच्यातही थोडा बदल झाला. मॅडमनी आमच्या पाळ्या अशा लावल्या, की प्रत्येकीला मध्ये एकदा हेडसेट काढून अंगणात उभं राहता यावं. कागदावर त्याला काहीही नाव नव्हतं. पहिल्यांदा मी अंगणात गेले तेव्हा काय करावं ते सुचेना. मी नुसतीच लिंबाच्या झाडाला म्हटलं, "काय रे?" आणि आवाज पोटातून आला का ते बघितलं.

मला एक प्रश्न मात्र ताईंना विचारायचाच होता, आणि धीर होत नव्हता. शेवटी एका दुपारी पायरीवर शेंगा सोलत बसलो असताना विचारला. "ताई, त्या दिवशी आवाज गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. "खरं सांगू? बरं वाटलं. पहिल्यांदा मला कुणी काही विचारू शकत नव्हतं. आणि मग फार विचित्र वाटलं, की हे आपल्याला बरं का वाटतंय."

"पण दुष्काळात नाही गेला. पाऊस पडल्यावर का गेला?"

"मलाही तेच कळत नाही," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, ओझं डोक्यावर असतं तोवर मान ताठ असते, उतरवल्यावर दुखते. पण मला ते पटलं नाही पुरतं." त्यांनी पुढची शेंग उचलली. "तुला काय वाटतं?"

मी जे वाटत होतं ते सांगितलं, त्यांनी त्यातलं अर्धं खोडून काढलं, मी परत वाद घातला. आतून त्यांच्या आई म्हणाल्या, "अगं, हळू बोला जरा, मला झोपू द्या." आम्ही दोघी हसलो आणि तसाच वाद हळू आवाजात पुढे चालू ठेवला.